नळावरच्या रेघा

नाण्यावर आकडा उलटा उमटला होता. सुट्ट्यात मिळालं म्हणे. टाकसाळीची चूक असेल तर घबाड, असं सांगून नवऱ्याने तीन दिवस घर डोक्यावर घेतलं. "तूच दाखव, लोकांचा तुझ्यावर विश्वास बसतो," म्हणाला.

जुन्या नाण्यांचे पारखी काका दुकानात भिंगातून बघत होते. नवरा माझ्या शेजारीच उभा होता.

"चूक नाही ही. वर दुसरं नाणं ठेवून व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळलंय. मागे दातांच्या रेघा आहेत बघा, मधला दात तुटका."

मला भिंग लागलं नाही. नवऱ्याने घरच्या व्हाइसमध्ये धरून दुरुस्त केलेल्या आमच्या नळावर तशाच रेघा आहेत, मधली एक गायब.

"काका, पुन्हा नीट बघा ना," नवरा म्हणाला.

"नको," मी म्हणाले. "माझं बघून झालं."