दुपारची माणसं

आप्पांनी चाळीस वर्षं लोकांचे चष्मे बनवले आणि त्यातून उपनगराच्या टोकाला हे अकरा खोल्यांचं घर उभं केलं, ते तीन मुलगे, सुना, नातवंडं असं सगळं गोकुळ एका छपराखाली नांदावं म्हणून. काही वर्षं ते नांदलंही. मग थोरला परदेशी गेला, मधल्यानं नोकरीच्या गावी बिऱ्हाड हलवलं, आप्पांची बायको गेली, आणि घरात उरले ते स्वतः, धाकटा मुलगा आणि धाकटी सून. ती दोघंही सकाळीच कामावर जात.

तरी आप्पा सुखात होते. इतके, की सुनेलाच नवल वाटे. त्यांची भूक सुधारली होती, चेहऱ्यावर तजेला आला होता. फक्त, दुपारचा फेरफटका मारून आले की ते दार न उघडता अर्धा अर्धा तास पायरीवर बसून राहतात, असं समोरच्या शिंपीणबाईंनी तिला सांगितलं.

"आप्पा, किल्ली लागत नाही का?" तिनं विचारलं.

"लागते की. पण घाई काय? आत सगळी मजेत असतात."

"सगळी म्हणजे?"

"तुम्हीच," आप्पा चष्मा पुसत म्हणाले. "दार उघडलं की गप्प होतात गं."

वय झालं, दुसरं काय, असं तिनं मनाशी म्हटलं. नवऱ्याशी बोलून तिनं एक लहानसा फ्लॅट पाहून ठेवला, आणि तो आप्पांना दाखवायला म्हणून एका गुरुवारी अर्धी रजा टाकून घरी आली. लख्ख ऊन पडलं होतं. पायरीवर बसलेल्या आप्पांनी तिला पाहताच ओठांवर बोट ठेवलं आणि सरकून जागा करून दिली.

आधी बशा मांडल्याचा आवाज आला. मग मधली जाऊ हसली, तेच ते उचकी लागल्यासारखं हसणं. मोठे दीर कुणाची तरी चेष्टा करत होते. "पाय पुसून या रे," सासूबाई म्हणाल्या. तिला भीती वाटायला हवी होती. पण ती दाराकडे आणखी सरकून बसली, कारण या घरात इतक्या मायेनं कुणी कुणाशी बोललेलं तिनं ऐकलं नव्हतं. त्या गलक्यात तिचा स्वतःचाही आवाज होता. ऑफिसातली काहीतरी गंमत ती रंगवून सांगत होती, आणि सगळे ऐकत होते. किती वेळ गेला कुणास ठाऊक. फ्लॅटचा विषय तिच्या मनातून पार पुसला गेला.

"आप्पा, आपण आत जाऊ या ना," ती उठत म्हणाली.

"नको गं. आहे ते काय वाईट आहे?"

पण तिनं किल्ली कुलपात सरकवली होती. आत एकदम शांत झालं.

"दारात कुणीतरी आलंय," तिचाच आवाज आतून म्हणाला.

तिनं वळून आप्पांकडे पाहिलं. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते, आणि आतून त्यांचा तो निवांत, ओळखीचा आवाज येत होता.

"असू दे. आपली माणसं सगळी आत आहेत."

मग कुणीतरी अगदी हलक्या हातानं आतून कडी घातली.