पॅनेलमागची वायर

माझ्या कामात कुणी खोट काढली की माझं डोकं सटकतं, हे आमच्या हँगरमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. चौतीस वर्षं छोट्या विमानांचं वायरिंग करतोय मी. माझ्या जोडणीमुळे एकही विमान कधी अडचणीत आलं नाही, ही फुशारकी मी रोज चहाच्या वेळी मारतो. ऐकून ऐकून सगळ्यांचे कान किटलेत.

आमच्याकडे एक पद्धत आहे. ज्याने वायर टाकली, त्याने पहिल्या उड्डाणात वैमानिकाशेजारी बसायचं. त्या सकाळी वैमानिक होती माझी धाकटी मुलगी. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण लहानपणापासून तिचा पाय जमिनीवर ठरलेला नाही. विमान चार आसनांचं, हवा स्वच्छ, आणि बॅटरीकडून वैमानिकासमोरच्या पॅनेलकडे येणारी मुख्य वायर मी आदल्याच दिवशी बदललेली.

दोन हजार फुटांवर वास आला. इस्त्रीखाली प्लास्टिकचं बटण सापडल्यावर येतो तसा.

"खाली कुणीतरी कचरा जाळत असेल," मी म्हणालो.

"इतक्या वर येतो का वास, बाबा?"

तेवढ्यात पॅनेलखालून निळसर धूर निघाला. भिंगरीने झटकन विजेचा मुख्य स्विच बंद केला. रेडिओ गप्प झाला. इंजिन मात्र चालूच राहिलं. त्याच्या ठिणगीची सोय वेगळी असते, तिला बॅटरी लागत नाही. मी आसनाखालचं आग विझवायचं नळकांडं ओढून काढलं आणि पॅनेलखाली फवारलं. धूर थांबल्यावर तिने खिडकी उघडली. आम्ही दोघं डोळे पुसत खोकत होतो.

इथवर सगळं शिकवल्याप्रमाणे झालं. मग मी माती खाल्ली.

जमिनीवर बिघाड शोधायची आमची एक रीत असते. सगळं बंद करायचं, मग एकेक चालू करत धूर कुठून येतो ते बघायचं. माझे हात शिवशिवायला लागले. हवेत तसं केलं तर आग पुन्हा पेटू शकते हे विसरून मी मुख्य स्विचकडे हात नेला.

"मिनिटभरच चालू करतो. रेडिओच जळाला असणार, बघ तू."

तिने फाटकन माझ्या हातावर मारलं.

"हात मांडीवर ठेवा, बाबा. स्विचला शिवायचं नाही."

"अगं, पण रेडिओ..."

"बाबा!"

मी हात मांडीवर ठेवले. मला असं गप्प आजवर तिच्या आईलासुद्धा करता आलेलं नाही.

रेडिओ नाही म्हणजे आम्ही येतोय हे टॉवरला सांगता येत नव्हतं. पंखांचे फ्लॅपही विजेवर चालणारे. ते नसले की विमान वेगात उतरतं आणि धावपट्टी जास्त लागते. त्यात पट्टीच्या तोंडाशी शिकाऊंचं एक विमान निघायच्या तयारीत उभं होतं. रेडिओ बंद असल्याची खूण म्हणून भिंगरीने पंख डावीउजवीकडे झुकवत विमान टॉवरसमोरून नेलं. मी जीव मुठीत धरून बसलो होतो. माझ्या हातून माझी पोर जाते की काय, एवढाच विचार डोक्यात होता.

टॉवरवाला हुशार निघाला. ते विमान जागीच थांबलं आणि आमच्या दिशेने, उतरा म्हणून, हिरवा दिवा लागला. चाकं टेकली, उसळली, पुन्हा टेकली. पट्टी संपायला जेमतेम दोन विमानांची जागा उरली असताना आम्ही थांबलो.

बाहेर उडी टाकून आम्ही गवतापर्यंत पळालो. तिथे माझा जीव भांड्यात पडला. मी तिला जवळ घेतलं, आणि मला रडू आलं ते मी लपवलं नाही. तीही रडता रडता हसत होती. बंब आला, पण विझवायला काही उरलं नव्हतं. तिने आईला फोन करून एवढंच सांगितलं की आम्ही दोघं ठीक आहोत आणि जेवायला घरीच येतोय.

विमान थंड झाल्यावर मी टॉर्च घेऊन एकटाच पॅनेलखाली शिरलो. माझीच वायर होती. पत्र्याच्या धारेवर दाबली जाऊन तिचं आवरण फाटलं होतं. वायर तिथून दूर धरायला एक क्लिप लावायची असते. मी अंगातल्या कालच्याच कामाच्या शर्टाचा खिसा चाचपला. क्लिप खिशातच होती.

क्षणभर वाटलं, आत्ता लावून टाकावी. कोण बघतंय? स्वतःचीच लाज वाटली. मी बाहेर आलो आणि क्लिप तळहातावर ठेवून भिंगरीसमोर धरली.

"वायर माझी होती. क्लिप लावायची राहिली."

"माहीत होतं मला."

"कधीपासून?"

"तुम्ही रेडिओ रेडिओ करायला लागलात तेव्हापासून. वायर दुसऱ्या कुणी टाकलेली असती, तर तुमचा हात स्विचकडे गेलाच नसता."

तिने माझा हात हातात घेतला आणि मनगटाजवळचा लाल वळ बघितला.

"फार लागलं का, बाबा?"

"लागलं," मी म्हणालो. "बरं झालं."