बिनधाग्याचा उंदीर

भागीला मुलगी झाली, अडीच किलोची, आणि ती रडलीसुद्धा. आता हे विसरा. तिच्या नवऱ्याला, जिवल्याला, यातलं काहीच माहीत नाही. तो मासवणच्या झोपडीत भागीच्या पोटाभोवती लाल धागा गुंडाळून बसलाय.

"बोटभर वाढलाय."

"आत्ताच भात खाल्लाय मी," भागी म्हणाली.

जिवल्याने ते बोट लगेच वजा केलं.

गोष्ट शहाऐंशीच्या भातकापणीनंतरची. पालघरच्या एका कॉलेजातले कमलाकांत सर रानउंदरांच्या गुणसूत्रांचा नकाशा काढत होते. जिवल्या बांधावरची बिळं खणून उंदीर आणून द्यायचा. ठराव साधा होता: शेपटीला लाल धागा असेल तो विज्ञानाचा, बिनधाग्याचा जिवल्याच्या चुलीचा. हा ठराव सगळ्यांना पटला होता, सतरा नंबरच्या उंदराला सोडून. जिवल्याच्या अंगणातल्या पिंजऱ्यात सकाळी सरांची सुई टोचून घेतल्यावर त्याने धागा कुरतडून टाकला, आणि भर दुपारी भागीच्या ताटात गेला.

सर स्कूटरवरून उंदीर न्यायला आले, आणि पिंजऱ्यातला तो तुटका धागा त्यांनी हातात घेतला.

"कोणी खाल्ला?"

"मी," भागी म्हणाली. "गोड होता."

सर उंबऱ्यावरच बसले. "त्याला औषध टोचलं होतं. पेशींची वाढ थांबते त्यानं." मग त्यांनी भागीच्या पोटाकडे पाहिलं. "कितवा महिना?"

"पाचवा."



"औषध अगदी थोडं होतं," सर म्हणाले. "उंदराएवढंच."

"पोटातला बी उंदराएवढाच हाय, सर," जिवल्या म्हणाला.

सरांनी जाताना खिशातलं धाग्याचं रीळ तिथेच ठेवलं. दुसरं द्यायला त्यांच्याकडे काही नव्हतं. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी पोटाला नळी लावली. म्हणाल्या, ठोके चांगले आहेत. पण त्यांनी कुठे उंदीर खाल्ला होता?

तेव्हापासून रोज सकाळी माप. धागा वाढतो, पण धागा वरून जातो, आतलं त्याला काय कळतंय?

शेवटी जिवल्याने अर्ज केला. लिहिता येत नव्हतं म्हणून तो सरांनीच लिहिला, सरांनाच. खाली जिवल्याचा अंगठा.

"महोदय, उंदराचा नकाशा निघतो, त्या अर्थी अर्जदाराच्या पत्नीच्या पोटातल्याचाही काढून मिळावा. नकाशासाठी उंदीर मारावा लागतो, हे अर्जदारास ठाऊक आहे. आमचा न मारता काढावा, ही विनंती."