उलट उत्तर

‘वरिष्ठांना उलट उत्तरं देतात.’

अप्रायझलमधली ती ओळ संयोगितानं मोबाईलवर पुन्हा वाचली आणि शेजारी बसलेल्या निशिगंधाकडं पाहिलं. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये दोघी सहा वर्षं एकाच काउंटरवर होत्या. यंदा दोघींतली एक इन्चार्ज होणार होती, आणि ती संयोगिताच, असं सगळे धरून चालले होते. ही ओळ येईपर्यंत.

“तोंड का पाडलंयस?” निशिगंधानं विचारलं.

“काय न्हाय.”

उलट उत्तर? मॅनेजर आदर्श सरांना पुण्याहून येऊन जेमतेम दीड महिना झालेला. त्यांच्यापुढं ती कधी मान वर करूनही बोलली नव्हती. मग कान कुणी भरले? परवा निशिगंधा सरांच्या केबिनमधून हसत बाहेर आली होती. विचारल्यावर ‘रजेचं होतं गं’ म्हणाली. रजेचं बोलून कुणी हसतं का? संयोगिताच्या मनात पाल चुकचुकली. एकदा संशय आला की माणसाला सगळंच जुळत जातं. काल निशिगंधानं आपणहून चहा पाजला होता, तेही जुळलं. संयोगिताला रडू यायला लागलं, आणि रडण्यापेक्षा राग बरा म्हणून ती उठून केबिनमध्ये गेली.

“सर, हे तुम्हाला कुणी सांगितलं ते मला ठाव हाय,” ती म्हणाली. “मग तिचंबी ऐका. मंगळवारी, शुक्रवारी निशिगंधा चारलाच मागच्या दारानं जाती. आईला डायलिसिसला न्यायला लागतंय तिला. तिचं काम मी ओढतो. अन् उलट बोलणारी मी?”

आदर्श सरांनी चष्मा काढला.

“हे मला माहीत नव्हतं. पण तुमच्याबद्दल मला कुणीच काही सांगितलेलं नाही. मी स्वतः ऐकलंय. रिपोर्ट पाठवा म्हटलं, की ‘पाठवतो की’. फाईल द्या म्हटलं, की ‘देतो की’. दर वेळी तो ‘की’. मी काय उगाच मागे लागतो का तुमच्या?”

कोल्हापुरात ज्या ‘की’नं माणूस ‘तुमचं काम ते माझंच’ म्हणून सांगतो, तो पुण्याच्या कानाला टोचला होता. तिनं अडखळत ते समजावलं. सर माणूस म्हणून वाईट नव्हते. ओशाळले, ओळ काढून टाकतो म्हणाले.

“अन् ते दुसरं राहू दे, सर. मी रागात बोललो.”

“ते आता कसं राहू देणार?” सर म्हणाले.

बाहेर निशिगंधानं डबा उघडून दोघींना भाकरी वाढली होती.

“काय आसंल ते मिटलं न्हवं? मग गप का? बस, जेव.”

संयोगितानं सांगायला तोंड उघडलं, तोवर केबिनचं दार उघडलं.

“निशिगंधा, जरा आत येता?”

“येतो की, सर,” म्हणत ती हात पुसत उठली. “तू जेवाय लाग गं. आलोच मी.”

दार लागलं. संयोगिता उघड्या डब्यापुढं बसून राहिली.