पदक लावून सांगायची गोष्ट

शौर्यपदक मिळालेला माणूस घरात कसा असतो ते मला विचारा. आमचे हे बाटल्यांच्या कारखान्यात फाटकावर कामाला. येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांना सलाम ठोकतात आणि घरी साधं झुरळ मारायला मला हाक मारतात. पदक कपाटात पडून असतं. वर्षातून एकदा ते बाहेर निघतं, कारण त्या दिवशी म्हातारी येते.

म्हातारी म्हणजे यांच्या पलटणीतल्या मित्राची आई. जखमी मित्राला पाठीवर घेऊन हे गोळीबारातून चार मैल चालत आले, म्हणून पदक. मित्र वाटेतच गेला होता.

म्हातारीचा हट्ट एकच. यांनी पदक लावून समोर बसायचं आणि तिचा लेक कसा गेला ते पहिल्यापासून सांगायचं. पहिल्या वर्षी लेक पटकन गेला. दुसऱ्या वर्षी यांना तिची दया आली आणि लेकाने पाणी मागितलं. पुढे तो हसला, मग त्याने आईची आठवण काढली. सतरा वर्षांत तो मरता मरता इतकं बोलला, की धडधाकट माणसालाही धाप लागावी.

खरं काय ते मला ठाऊक होतं. शत्रूची तुकडी अगदी जवळून चालली होती, मित्र कळांनी ओरडायला लागला आणि यांनी त्याचं तोंड दाबून धरलं. तुकडी निघून गेली तोवर मित्रही गेला होता.

म्हातारी यायची म्हटलं की आठवडाभर यांना अन्न गोड लागत नसे. यंदा म्हणाले, एकदाचं खरं सांगतो आणि सुटतो. मीच म्हटलं, सांगून टाका. मला माझा नवरा परत हवा होता.

ती आली, खुर्ची पुढे ओढून बसली. यांनी छातीवरचं पदक काढून टेबलावर ठेवलं आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. म्हातारी रडेल, शिव्याशाप देईल, कदाचित यांना जवळही घेईल, असं मला वाटत होतं.

"त्याला शेवटची अंघोळ मी घातली," ती म्हणाली. "एका गालावर चार बोटं उमटलेली, दुसऱ्यावर अंगठा. मला तेव्हाच कळलं."

हे पांढरेफटक पडले. मग सतरा वर्षं का येत राहिलात, एवढंच कसंबसं विचारलं.

"त्याला तोंड उघडू दिलं नाहीस ना? मग त्याच्या वाटचं तू बोल."

तिने पदक उचललं, यांच्या शर्टाला नीट टोचलं आणि पुन्हा खुर्चीत बसली.

"हं. पहिल्यापासून."

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मग यांनी घसा खाकरला आणि सांगायला सुरुवात केली.