काशीबाईची जीभ

काशीबाईला सून आवडत नव्हती असं नाही. तिला शिकलेलं कोणीच आवडत नव्हतं. त्यात भूमिका रोह्याच्या कॉलेजातनं रसायनशास्त्र घेऊन आलेली, म्हणजे बघायलाच नको. "भात कुठल्या झाडाला लागतं ते ठावं नाय, आन मला मातीतलं मीठ शिकवतेय!" हे ती अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची.

तिचा तोरा उगाच नव्हता म्हणा. गाव खाडीकाठचं, जमीन खारी. बाहेरच्या बांधाला उघाडी, म्हणजे झडपेचा दरवाजा. भरतीला तो बंद हवा, ओहोटीला उघडून शेतातलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं. असं पंधरा-वीस दिवस शेत धुतलं की लावणीआधी काशीबाई खाचरात बोट बुडवायची, जिभेला लावायची, थुंकायची आणि म्हणायची, "गोड झालं. लावा." चाळीस वर्षं गाव तिच्या थुंकीवर भात लावत होतं. शेतकी खात्याचे साहेब कागद घेऊन आले, तर त्यांना ती बांधावरनंच वाटेला लावायची.

गेल्या साली मात्र "गोड" म्हटलेल्या खाचरांत रोपं आठवड्यात करपली. आता काशीबाईची जीभ चुकणं तर शक्यच नव्हतं. मग चुकलं कोण? तिचा धाकटा दीर कान्हू. उघाडी तो सांभाळायचा ना! "ढोसून पडला असंल मेला. झडप उघडी राह्यली, खाडी आत आली," तिने भर बैठकीत ठणकावलं. कान्हू दारूच्या थेंबाला शिवत नसे, हे अख्ख्या गावाला माहीत. पण काशीबाईपुढे त्याला विचारतो कोण? गावाने उघाडी त्याच्याकडून काढून घेतली. तो पेणला, रामवाडीत एका बिल्डिंगच्या गेटवर वॉचमन म्हणून जाऊन बसला. "बरी ब्याद गेली," काशीबाई म्हणाली.

यंदा लावणीच्या आदल्या दिवशी ती पुन्हा "गोड" म्हणाली, आणि भूमिकेने तिच्यादेखत त्याच पाण्यात पेनाएवढं मीटर बुडवलं.

"आई, अजून खारट आहे. आठ दिवस थांबायला हवं."

"तुझं मीटर बाजारातलं, माझी जीभ देवाने दिलेली. हो बाजूला!"

बांधावर माणसं खोळंबली होती. उद्या लावायचं की नाही, एवढंच त्यांना हवं होतं. रोपं दुसऱ्यांदा जळली तर वर्षभर विकतचा तांदूळ. भूमिका वाद घालत बसली नाही. घरी गेली आणि पाण्याच्या तीन वाट्या घेऊन आली. "यातली खारी कुठली तेवढं सांगा. मीटर खाडीत फेकते."

काशीबाईने सुनेला नखशिखान्त बघितलं. पहिली वाटी चाखली. दुसरी चाखली. तिसरी तर घोटभर प्यायली. "तिन्हीत नळाचं पाणी. सासूला येडी समजतंस काय गो?"

तिच्या लेकाने, मिथुनने, तिसरी वाटी तोंडाला लावली आणि फुर्रकन थुंकला. "आये, हिच्यात चमचाभर मीठ हाय." मग बांधावरच्या पुंडलिकने चाखली, सरूने चाखली. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. काशीबाईला भांडता तरी आलं असतं.

गेल्या सालच्या लावणीआधीच्या दिवाळीत तिला मोठा ताप आला होता. तेव्हापासून तिला कशाला चव लागत नव्हती. पण बाईने दोष दिला तो बाजाराला: मासळी बर्फातली, मीठ भेसळीचं, लोक लबाड. आता त्या वाटीपुढे उभी राहिली आणि एकेक गोष्ट उलटी फिरू लागली. मासळी चांगली होती. मीठ चांगलं होतं. उघाडी बंद होती. कान्हू शुद्धीत होता. तिची तिलाच शिसारी आली.

"थांबा आठ दिवस," ती म्हणाली आणि कोणाकडे न बघता घरी गेली.

दुसऱ्या दिवशी तिने रामवाडी गाठली. कान्हू गेटजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. तिला पाहून उठला.

"उघाडी बंद व्हती," ती उभ्याउभ्याच म्हणाली. "माझी जीभ मेली हाय, कान्हू. त्या तापापासनं."

"ठावं हाय मना."

"कोणी सांगितलं?"

"तूच डबा धाडायचीस नव्हं बांधावर? कालवण तोंडात घालवत नव्हतं, त्यापेक्षा खाडी परवडली. गप गिळत व्हतो."

काशीबाई उसळली. जित्याची खोड, दुसरं काय! "मंग बैठकीत तोंड शिवलं व्हतं काय तुझं? बोलला का नाय?"

तेवढ्यात एक गाडी आली. कान्हूने गेट उघडलं, गाडी आत गेल्यावर लावलं. मग तिच्याकडे वळला.

"वयनी, बोललो असतो तर तू आयकलं असतंस?"

काशीबाईने पदराने तोंड पुसलं.

"नाय," ती म्हणाली.