तिंकाराच्या नवऱ्यानं निवडलेली स्की

तिंकारानं जीभ उचलली आणि टाळ्याला लावली, ती मागच्या उन्हाळ्यात. फ्लोर्यानमामा सगळ्यांसमोर म्हणाला होता की तिनं पसंत केलेला पोरगा पिरान गावचा, समुद्राकाठचा, त्याला बर्फ ठाऊक तो माशांवर टाकायचा. झालं, हिचं डोकं फिरलं. "माझा एडवीन तुम्हा सगळ्यांपेक्षा झकास स्की करतो," ती ठणकावून म्हणाली. एडवीननं तोवर स्की बघितल्या होत्या त्या फक्त भिंतीला टेकवलेल्या.

बरं, थाप मारून सुटका व्हावी असं हे गाव नव्हे. इथली मुलगी बाहेरगावच्या नवऱ्याला अशी सहजासहजी देत नाहीत. लग्नाच्या सकाळी वाटेवर रिबिनी बांधलेला ओंडका आडवा टाकतात, त्याला म्हणतात श्रांगा. पलीकडे नवरी, अलीकडे नवरा, आणि गाव सांगेल ते करून दाखवल्याशिवाय ओंडका हलत नाही. खालच्या गावांत लाकूड कापायला लावतात, तेही मुद्दाम बोथट केलेली करवत देऊन. या डोंगरात काय करायला लावणार, हे शेंबडं पोरही सांगेल. आणि लग्न ठरलं ऐन फेब्रुवारीत. आपलं आयुष्यभर हसं होणार, हे तिंकाराला तेव्हाच कळून चुकलं.

मग काय, जानेवारीभर तिनं एडवीनला पलीकडच्या खोऱ्यात नेलं, जिथं ओळखीचं कुणी भेटणार नाही. शिकवली एकच गोष्ट. स्की कडेवर कलती करायची आणि तिची ती वळू द्यायची. मागं दोन बारीक रेघा उमटल्या पाहिजेत, बर्फ खरवडला की संपलं. तिथला उतार खाली पसरट मैदानात जायचा, त्यामुळं एडवीन आपोआप थांबायचा. रात्री जेवताना ती त्याच्याकडून स्कीची पारख घोकून घ्यायची. बिचारा सूप पिता पिता मान डोलवायचा.

लग्नाच्या दिवशी मामानं पहाटेच यंत्र फिरवून उतार असा दाबला होता की जणू इस्त्रीच केली. ओंडक्यापाशी स्कीच्या पाच जोड्या बर्फात रोवलेल्या, सगळ्यांवरची नावं काळ्या चिकटपट्टीनं झाकलेली. अकॉर्डियन वाजत होतं, नाशपातीची दारू फिरत होती, आणि नवरीनं खुणा करू नयेत म्हणून मावशीनं तिचे दोन्ही हात धरून तोंडात पोतित्साचा, म्हणजे अक्रोड भरलेल्या गोड पावाचा, भलाथोरला तुकडा कोंबला होता.

"एक जोडी निवडा, जावईबापू," मामा म्हणाला, "आणि वरून खाली दोन रेघा काढत या. कुठं खरवडलंत तर नवरी संध्याकाळपर्यंत आमची." मग सगळ्यांत लांब, एडवीनच्या डोक्याच्याही वर जाणारी जोडी त्यानं थोपटली. पुरुषाची स्की ती ही, बाकीच्या आपल्या पोरीबाळींच्या, असं त्यानं गावाकडं बघून सांगितलं. गाव फिदीफिदी हसलं.

एडवीननं त्या जोडीला हात लावला आणि तिंकारा चावायची थांबली. पण तो पुढं सरकला. रुंद जोडी भुसभुशीत बर्फाची, इथं कामाची नाही म्हणाला. दुसरी नुसत्या हातानंच वाकत होती. ती वेगात थरथरेल. आखूडवाली नुसती भराभर वळेल, लांब वळण तिला झेपणार नाही. उरली ती त्याच्या हनुवटीच्या जरा वर येणारी, कमरेत बारीक, दाबली की टणकन परतणारी. सकाळच्या कडक बर्फावरही चालेल आणि दुपारी मऊ पडला तरी चालेल, असं तो अगदी तिंकाराच्या शब्दांत बोलला. मग त्यानं तिच्या पोलादी कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि नखाकडं बघितलं. नखाला ओरखडासुद्धा नव्हता.

"मामा, ही बोथट केलीय तुम्ही," तो म्हणाला. "धार लावून द्या."

अकॉर्डियनवाला थांबला. मामानं खिशातून कानस काढली आणि कडांना धार लावून दिली. तिंकाराला मावशीसकट नाचावंसं वाटलं.

मामानं त्याला बर्फावरच्या स्कूटरवरून वर नेऊन सोडलं आणि स्वतः खाली येऊन उभा राहिला. एडवीन निघाला. डावं वळण, उजवं वळण, मागं दोन रेघा, सुरीनं कापल्यासारख्या. कुणीतरी टोपी उडवली. तिंकारा आनंदानं वेडी व्हायची बाकी होती आणि तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की इथं खाली मैदान नाही. इथं ओंडका आहे. थांबायचं कसं हे तिनं त्याला शिकवलंच नव्हतं.

तिनं तोंडातला तुकडा थुंकला, हात सोडवून घेतले, पांढरा झगा गुडघ्यापर्यंत खोचला आणि ओंडक्यावरून उडी मारली. एडवीन येतच होता, डोळे एवढाले करून. ओंडक्याच्या हातभर अलीकडं दोघं एकमेकांच्या अंगावर धाडकन आदळली आणि बर्फात गडगडली. नवरीच्या डोक्यावरची जाळी तेवढी ओंडक्याला अडकली.

मामा चढावर जाऊन रेघा बघून आला. खरवड कुठंच नव्हती, शेवटापर्यंत. "पण जावईबापू," तो म्हणाला, "असं नवरीवर आदळून थांबणारा स्कीवाला मी जन्मात बघितला नाही. किती वर्षं करताय?"

एडवीन उताणा पडून धापा टाकत होता. "जानेवारीपासून," तो म्हणाला. भोळं पोर, खरं बोलून मोकळं झालं.

सगळं गाव तिंकाराकडं वळलं.

"आणि उन्हाळ्यात काय म्हणाली होतीस गं?" मामानं विचारलं.

तिंकारानं तोंडातला बर्फ बाहेर काढला. "करणारच होता की, मामा. मी जरा आधी सांगितलं, एवढंच."

मामा हसता हसता ओंडक्यावर बसला, आणि ओंडका हलवायचा म्हणून चौघांना आधी मामाला उचलावं लागलं.